दोघांच्या सहीचा चेक

गेले चार महिने मी एक प्रेमकथा लिहितेय आणि दर वेळी त्याच पानावर अडतेय. लहानसं गाव, सायकल दुरुस्तीचं दुकान, दोन भागीदार. ती कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, रोजच्या रोज लिहिणारी. तो उधारी डोक्यात ठेवणारा आणि बऱ्याचदा डोक्यातूनही सोडून देणारा. इथवर लिहून झरझर होतं. मग दोघांनी एकमेकांकडे जरा वेगळं बघायची वेळ येते आणि मी पाऊस पाडते. दिवे गेलेले, शटर अर्धं खाली, बाहेर धो धो. तीनदा खोडलाय तो पाऊस.

माझं पोट हिशेब लिहिण्यावर चालतं, त्यामुळे असेल, पण दोन भागीदार पावसाने जवळ येतात हे मला पटतच नाही. मी पाहिलेले भागीदार तोट्यावरून फारसे भांडले नाहीत. भांडले ते उचलीवरून. गल्ल्यातून कुणी किती काढले, कधी काढले, आणि काढताना सांगितलं का. यातलं ‘सांगितलं का’ हे सगळ्यात जहरी.

शिवाय भागीदारीच्या कायद्यात जी जोखीम आहे, ती प्रेमकथा लिहिणारे वाया का घालवतात कळत नाही. फर्मसाठी एकाने कर्ज काढलं की ते दुसऱ्याच्याही मानगुटीवर बसतं, पार घरातल्या वस्तूंपर्यंत. आणि आपसांत वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा समसमान, मग भांडवल कुणी कितीही घातलेलं असो. इंग्लंडचा १८९०चा कायदा तेच सांगतो, आपला १९३२चाही तेच. म्हणजे ज्याचं तोंड बघवत नाही, त्याच्या चुकीची किंमत आपण मोजायची. याच्यापुढे पाऊस म्हणजे किस झाड की पत्ती!

गाव लहान का हवं, याचं उत्तर मात्र मला हिशेबाबाहेर सापडलं. फेस्टिंगर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी यांनी विद्यार्थ्यांच्या एका वसाहतीत पाहिलं आणि १९५० साली छापलं, की मैत्री जुळते ती बहुतेक दाराला दार लागून असलेल्यांची. हे ठीकच. पण १९७६ मध्ये एबेसन वगैरे मंडळींनी लोकांना नावडती माणसंही विचारली, तर तीही जवळच राहणारी निघाली! लहान गावात चिडून जायला दुसरी गल्ली नसते. सकाळी भांडलं तरी दुपारी पाना त्याच्याच हातून घ्यावा लागतो. त्यातून प्रेमच निघेल अशी काही हमी नाही. अर्ध्या वेळा फर्म मोडते.

तर पाऊस काढला आणि त्या जागी एक चाक ठेवलं. रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना तो चाक फिरवतो, खडू टेकवतो, जिथे खडू उमटला तिथली तार पाव आटा सैल करतो, समोरच्या बाजूची पाव आटा आवळतो. पुन्हा फिरवतो. एकदम आवळली तर रिम दुसरीकडे जाते. ती हिशेबाच्या वहीवरून बघत असते आणि मनातल्या मनात वेळ मोजते, कारण एवढ्या वेळात तीन पंक्चर झाली असती. इथे उपमा करायचा फार मोह झाला होता. आवरला.

पण नजरेवर कथा पेलत नाही, म्हणून पुढे चेकबुक आणलं. बँकेत खातं दोघांच्या सहीचं. ही अट अर्थात तिचीच. तिला आठ दिवस बाहेरगावी जावं लागतं. जाताना ती पाच कोऱ्या चेकांवर सही करून जाते. (माझ्या अशिलांनी हे वाचलं असेल तर कृपा करून असं करू नका. मी ओरडेन.) तो ते ड्रॉवरमध्ये ठेवतो. मधेच टायरवाला पैशांसाठी दारात उभा राहतो, आणि हा त्याला स्वतःच्या खिशातून देतो. का, हे मी लिहिलेलं नाही. त्याला तरी कुठे नीट माहीत आहे.

ती परत येते. पाचही चेक जागच्या जागी. कीर्द मात्र त्याने लिहिलीये, आयुष्यात पहिल्यांदा, वेड्यावाकड्या अक्षरात. आणि खिशातले घातलेले पैसे विक्रीत जमा केलेत. ती लाल पेन काढते, ‘विक्री’ खोडते आणि वर त्याच्या नावाने ‘भांडवल खाते’ लिहिते. मग पेन त्याच्याकडे सरकवते, कारण खाडाखोड असली की तिथे दोघांची सही लागते.

तो विचारतो, “कुठे करू?”

काल रात्री इथवर आले. यावेळी खोडलेलं नाही.