बदकांची गोष्ट खरी आहे का?

सकाळी मुळा नदीवर मुलांना वल्ही धरायला शिकवतो, तेव्हा काठावर थांबलेले पालक हमखास विचारतात, ‘ऑलिंपिकच्या शर्यतीत बदकांसाठी होडी थांबवली होती म्हणे कुणी, खरं का?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

अगदी खरं. बॉबी पियर्स, राहणार सिडनी. १९२८ साल, अ‍ॅमस्टरडॅमजवळचा स्लोटनचा कालवा, उपांत्यपूर्व फेरी. रोइंगमध्ये आपण पाठमोरे बसतो, पुढचं काही दिसत नाही. काठावरचे लोक ओरडून हातवारे करू लागले तसं बॉबीनं खांद्यावरून वळून पाहिलं. बदकांची रांग कालवा ओलांडत होती. त्यानं वल्ही थांबवली.

सिंगल स्कल, म्हणजे एकट्यानं दोन वल्ह्यांनी हाकायची होडी, चालवलेल्या माणसाला यातली किंमत कळते. जेमतेम बसता येईल एवढीच रुंद ती होडी. पाय, पाठ, हात यांची लय लागली की ती पाण्यावर सरसर धावते, आणि लय तुटली की सगळं पहिल्यापासून. समोरचा फ्रेंच गडी तेवढ्यात बराच पुढे गेला. बदकं पार झाली, मग बॉबीनं त्याला गाठलं, आरामात मागे टाकलं आणि पुढे सुवर्णपदकही घेतलं.

पण मला बॉबी आवडतो तो निव्वळ बदकांमुळे नाही. तो सुतार होता. इंग्लंडमधल्या हेन्ली रेगाटाच्या, म्हणजे तिथल्या होड्यांच्या शर्यती, त्या फक्त हौशी खेळाडूंसाठी. त्यांचा १८७९ पासूनचा नियम असा, की कारागीर, मजूर, अंगमेहनतीवर पोट भरणारा माणूस हौशी खेळाडू मानायचा नाही. वल्हवण्याचे पैसे बॉबीनं घेतले नव्हते. रंधा मारल्याचे घेतले होते, तेवढ्यावर त्याला डायमंड स्कल्सचा, म्हणजे तिथल्या सिंगल स्कलच्या मानाच्या शर्यतीचा, दरवाजा बंद! अमेरिकेचा जॅक केली हा गवंडी. त्यालाही १९२० मध्ये असाच प्रवेश नाकारला होता. ब्रिटिश साम्राज्याची शान म्हणून वसाहतींतले खेळाडू हवेत, पण त्यांच्या हाताला घट्टे नकोत, हे वाचून मला आजही राग येतो.

पुढे मंदी आली. ऑलिंपिक विजेता बेकार झाला, सिडनीच्या शोग्राउंडवर कागदाचे कपटे उचलू लागला. १९३० मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला पहिले साम्राज्य क्रीडासामने (आजचे राष्ट्रकुल सामने) भरले. तिथेही सुवर्ण त्याचंच. त्याची परिस्थिती लॉर्ड ड्युअर या व्हिस्कीवाल्याच्या कानावर गेली आणि त्यानं बॉबीला कॅनडात विक्रेत्याची नोकरी दिली. आता तो सुतार राहिला नव्हता! १९३१ मध्ये हेन्लीनं त्याला घेतलं आणि त्यानं डायमंड स्कल्स सहा होड्यांच्या लांबीएवढ्या अंतरानं जिंकली. हात तेच होते. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा ऑलिंपिक सुवर्ण, १९३३ ला व्यावसायिक जगज्जेतेपद.

१९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांचा संघ हेन्लीत याच नियमानं अडवला गेला, त्यावर ओरड झाली, तेव्हा कुठे हा नियम मोडीत निघाला.

आपल्या चांदवडचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओत याच सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. वडिलांबरोबर विहिरी खोदायला जाणारा मुलगा. त्या जुन्या नियमात तोही बसला नसता. म्हणून माझ्याकडे पोरं तळहातावरचे फोड दाखवायला आली, की आधी बॉबीच्या रंध्याची गोष्ट होते आणि मग बदकांची.