कॉफी मशीन, पॉवर पॉइंट आणि जायफळ

आमच्या घरात कॉफी म्हणजे जायफळाची. दूध उकळायचं, साखर, चमचाभर इन्स्टंट कॉफी, वरून जायफळ किसायचं, आणि तीसुद्धा रात्री कोणी जेवायला असलं की किंवा पाऊस धो धो लागला की. बाकी रोज चहा. मला बाहेरच्या कॉफीची सवय लागली ती ऑफिसमुळे, तिथे मशीन होतं. मग २०२० मध्ये सगळे घरी बसलो, नंतरही अर्धा आठवडा घरूनच काम सुरू राहिलं आणि मी सोसायटीच्या खालच्या कॅफेतून कॅपुचिनो मागवायला लागले. एके दिवशी नवऱ्याने कार्डाच्या बिलातले फक्त कॅफेचे आकडे मोबाईलवर बेरीज करून दाखवले. ४,७४० रुपये. बोलला काहीच नाही, नुसता फोन माझ्यापुढे सरकवला, तेच जास्त लागलं.

तर ठरलं, घरी मशीन घ्यायचं. बजेट १५ हजार.

पहिल्यांदा मॉलमधल्या दुकानात गेले. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम हे पंधरा बारचं आणि हे वीस बारचं, वीसवालं घ्या, पॉवरफुल आहे. मला वाटलं एसीच्या टनासारखं काहीतरी असेल, जास्त म्हणजे चांगलं. घरी येऊन वाचत बसले तेव्हा कळलं की बार म्हणजे दाबाचं माप, आणि एस्प्रेसोला, म्हणजे दाबाने काढलेल्या त्या घट्ट काळ्या कॉफीला, लागतात साधारण ९ बार, बस्स. खोक्यावर लिहिलेला आकडा म्हणजे पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो तो, कॉफीवर प्रत्यक्ष किती दाब पडतो तो नव्हे. त्यामुळे १५ का २० हा प्रश्नच बाद झाला, आणि त्या मुलाने अर्धा तास नेमका त्याच्यावरच घालवला होता.

बाकी प्रकार मी भराभर बाद केले. कॅप्सूलवालं मशीन सोपं असतं, बटण दाबा कॉफी प्या, पण मग जन्मभर त्यांच्याच कॅप्सूल घेत बसा आणि कचराही रोजचा. दाणे टाकले की सगळं आपोआप करणारी मशीन बजेटच्या कितीतरी बाहेर. ड्रिपवर काळी कॉफी छान होते पण आम्ही दूधवाले. मोका पॉट मात्र मनात बराच वेळ रेंगाळला, इटलीत बियालेत्तीने १९३३ मध्ये काढलेलं ते अष्टकोनी भांडं, गॅसवर ठेवा, वर कॉफी चढते, बिघडायला त्यात काही नाहीच. (इंडक्शन असेल तर बघून घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा त्यावर तापत नाही.) आणि खरं सांगायचं तर मद्रासी फिल्टरचं साधं स्टीलचं भांडं काही शे रुपयांत मिळतं आणि त्यातली कॉफी कुठल्याही मशीनच्या तोंडात मारेल अशी होते. पण मला फेस हवा होता. फेस हवा म्हणजे वाफेची नळी हवी, म्हणजे सेमी ऑटोमॅटिक, पूड आपण भरायची, दाब मशीन देणार.

मध्येच न्यू जर्सीचा मावसभाऊ म्हणाला, ताई कशाला तिकडे घेतेस, इकडे सेलमध्ये लागलंय, मी डिसेंबरात येताना आणतो. मी दोन दिवस हवेत. मग लक्षात आलं की तिकडचं मशीन १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. ट्रान्सफॉर्मर लावता येतो पण दीड हजार वॉटला पुरेल असा घ्यायचा म्हणजे ओट्यावर मिक्सरपेक्षा मोठं धूड, शिवाय तिकडची वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५० ची, आणि या मशीनमधला पंप त्या हर्ट्‌झवरच थरथरतो. वॉरंटी तर नाहीच. त्याला सांगितलं, तू आपला बदाम आण.

विजेचंच निघालं म्हणून सांगते, हे मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं. मशीन १४५० वॉटचं. घरातला साधा प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे ६ गुणिले २३०, १३८० वॉट. बसत नाही. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो, आणि आमच्या किचनमध्ये तो एकच, त्यावर मायक्रोवेव्ह. मी शहाणपणा करून दोन्ही एकाच एक्स्टेन्शनवर लावले, सासूबाईंनी मायक्रोवेव्हमध्ये आमटी ठेवली आणि एमसीबी धाडकन पडला. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलवून वेगळा पॉइंट काढला, ८५० रुपये.

जागेचंही तसंच. ओट्यावर मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर यांच्यामध्ये टेपने मोजली तर १७ सेंटिमीटर उरत होते. सगळी छान छान चौकोनी मशीन तिथेच कटाप. आणि वर कपाट, म्हणजे पाण्याची टाकी वर उचलून काढायची असेल तर ती कपाटाला अडते का हेही बघायचं. माझी शेवटची निवड कुठल्या रिव्ह्यूने केली नाही, टेपने केली. १५ सेंटिमीटर रुंदीचं एक मिळालं, १४,५०० ला. पहिला पीस आला त्याची टाकी खालून गळत होती, विकणाऱ्याने तीनदा व्हिडिओ मागवला आणि नवव्या दिवशी बदलून दिलं. तोपर्यंत ओट्यावर पंचा.

आणि आता खरी गंमत. मशीन आलं, लावलं, पहिल्या दिवशी मी माटुंग्याहून आणलेली फिल्टर कॉफीची पावडर घातली, ८०-२०, म्हणजे वीस टक्के चिकोरी. पंप घरघरला, दोन थेंब आले, थांबलं. चिकोरी पाण्यात विरघळून चिकट होते, आत नुसता चिखल झाला होता. मग साधे दाणे आणून मिक्सरमध्ये फिरवले. मिक्सरचं पातं दळत नाही, तोडतं, काही पीठ काही भरड, पीठातून कडू उतरतं, भरडीतून आंबट, आणि एकाच कपात दोन्ही. बदलापूरला राहणारा एक सहकारी आहे, त्याने सांगितलं, तू उलटं केलंस, आधी ग्राइंडर घ्यायचा असतो, मग उरलेल्या पैशात मशीन. एका रविवारी त्याच्याकडे गेले, त्याचं मशीन माझ्यापेक्षा साधं, पण हाताने फिरवायचा बरवाला, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये दाणे एकसारखे दळणारा, ग्राइंडर होता, आणि कॉफी अशी की मी गप्पच बसले.

तो ग्राइंडर घेतला, ४,८०० ला. मग ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा ९००, स्टीलचा जग ६००, आणि मशीनबरोबर आलेली पूड भरायची जाळी दुहेरी भिंतीची होती, बारीक एकच भोक असलेली, त्यातून कसल्याही पावडरीच्या काळ्या कॉफीवर खोटा फेस येतो, म्हणून साधी एकेरी जाळी ७००. पॉइंट धरून बेरीज २२,३५०. नवऱ्याने ती केली नाही, मीच केली.

दाणे नागपूरच्या कॉरिडॉर सेव्हन या कॉफी भाजणाऱ्यांकडून मागवले. माझं माहेर अमरावतीचं, लहानपणी चिखलदऱ्याला गेलो की तिथली कॉफी पावडर आणायचो, महाराष्ट्रातही कॉफी पिकते ती तिथे, आणि गंमत म्हणजे ती आम्ही जायफळ घालून संपवायचो. असो. दाणे घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख बघा, फक्त एक्स्पायरी लिहिली असेल तर मी तरी घेत नाही.

हिशोब साधा आहे. १५ ग्रॅम पूड, त्यातून ३० ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत. करायला मात्र मला अकरा दिवस लागले. पहिला कप ११ सेकंदांत भसकन आला, चिंचेच्या कोळासारखा आंबट. ग्राइंडर बारीक केला, तर ५५ सेकंद थेंब थेंब, काढा. एकेक क्लिक मागेपुढे करत, दर वेळी घोट घेऊन तोंड वाकडं करत, रात्री अकराला सुद्धा, झोपेचं खोबरं. बाराव्या दिवशी २८ सेकंद. उंदराच्या शेपटीसारखी बारीक तपकिरी धार आली आणि शेवटाकडे फिकट होत गेली. मी सगळ्यांना हाक मारली, कोणी आलं नाही.

दुधाचं प्रकरण सासूबाईंमुळे रंगलं. दूध ६० ते ६५ डिग्रीच्या वर न्यायचं नाही, जगाला हात लावून ठेवायचा आणि धरवेना झालं की बंद. मी मोठ्या कौतुकाने त्यांना कप दिला. एक घोट घेतला, खाली ठेवला.

"अगं, ही कोमट आहे."

"आई, ही अशीच असते, जास्त तापवलं की दुधाचा गोडवा जातो."

"मग साखर घाल ना."

त्यांच्या दृष्टीने न उकळलेलं दूध म्हणजे न केलेलं दूध. मग मधला मार्ग निघाला, त्यांचा कप मी ७० पर्यंत नेते, साखर आधीच, वर फेस आणि फेसावर जायफळ. फेस त्या आधी चमच्याने खातात.

एक पाण्याचं राहिलं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर, त्या पाण्याने किटलीत पांढरा थर बसतो, तो मशीनच्या आतही बसतो आणि दिसत नाही. नुसतं आरओचं घालावं तर कॉफी बेचव. आरओवाल्याच्या मीटरवर आरओचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ३८ आला आणि टँकरचा ६००, म्हणून चार भाग आरओ एक भाग टँकरचं, साधारण १५० होतं, चव येते. तरी दोन महिन्यांनी डीस्केलिंग, म्हणजे आतला तो थर काढणं, करावंच लागतं.

कॅफेचं बिल गेल्या महिन्यात ५६० रुपये, तेही मैत्रीण आली होती म्हणून. नवरा अजून चहाच पितो. परवा मशीनपाशी उभा राहून त्याने पहिल्यांदाच काहीतरी विचारलं, यातून नुसतं गरम पाणी येतं का गं, चहाला?

येतं.