तुम्ही विचारलंत म्हणून: सोलर पंपाच्या कंट्रोलरची पेटी गच्चीवर का ठेवतो?

जळगावच्या एमआयडीसीत आमच्याकडे प्रोजेक्टला येणारी मुलं हमखास विचारतात, "सर, संगणकावर सिम्युलेशन झालंय ना? मग पेटी परत गच्चीवर उन्हात कशाला?"

अमळनेरकडच्या एका शेतामुळे. तिथल्या सोलर पंपाच्या कंट्रोलरची, म्हणजे पंप चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राची, पेटी मीच डिझाइन केली होती. थ्रीडी मॉडेल, मेश (हिशोबासाठी मॉडेलचे पाडलेले बारीक तुकडे), सगळं नीट. तापमानाच्या रंगीत चित्रात लाल, म्हणजे जास्त तापलेला, ठिपका औषधालाही नव्हता. मे महिन्यात फोन आला, "भाऊ, सकायले चालस, दुपारले बंद पडस." पंप चालणार उन्हावर, आणि ऊन चढलं की पेटीच मान टाकणार!

सॉफ्टवेअरनं भोवतालचं तापमान आयतं २२ अंश धरलं होतं, ते मी तसंच राहू दिलं. खानदेशात मे महिन्यात २२ पहाटेही मिळत नाही. लाज वाटून ४५ घातलं, तरी मॉडेलमधली पेटी काही ट्रिप होईना, म्हणजे तापून बंद पडेना. मग कागद घेतला. पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, त्यातले तीन टक्के कंट्रोलरमध्ये वाया जातात असं धरलं तर ११० वॉट उष्णता. पेटीचं दार ६० बाय ४० सेंटिमीटर, तोंड पश्चिमेला, रंग गडद. चौरस मीटरला ७०० वॉट ऊन आणि त्यातलं सत्तर टक्के शोषलं, तर जवळपास ११८ वॉट. आतल्यापेक्षा बाहेरचाच विस्तव जास्त, आणि मॉडेलमध्ये मी सूर्यच घातला नव्हता.

शेतावर पोहोचलो तोवर तिथल्या शेतकरी बाबांनी पेटीसमोर पऱ्हाट्यांचा आडोसा उभा केला होता. पंप चालू.

आता आम्ही दारापुढे अंतर सोडून दुसरा पत्रा लावतो. तो चिकटवला तर उपयोग नाही. मधून हवा वर निघून गेली पाहिजे. ते अंतर किती, हे मात्र संगणकानंच काढून दिलं: एका रात्रीत पाच पर्याय, एकही पत्रा न कापता. तेवढ्यासाठी मी त्याला मानतो. दोन डिझाइनमधला फरक तो बरोबर सांगतो. नेमक्या अंशांवर माझा भरवसा नाही, कारण पत्र्यावर बसलेली धूळ आणि दुपारचा झळांचा वारा मी त्यात अंदाजानंच भरतो.

म्हणून गच्ची. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, पेटीला चिकटवायचे, दुपारी दोन ते पाच दर दहा मिनिटांनी आकडे लिहायचे, आणि ते घेऊन मॉडेल दुरुस्त करायला खाली यायचं. डोक्याला रुमाल बांधून जा, एवढं मात्र मी मुलांना सांगतो.