बटाट्यालाही हंगाम असतो

मटाराचा हंगाम सगळ्यांना ठाऊक असतो, मक्याचाही. बटाट्याचा हंगाम कुणी विचारत नाही. तो बारा महिने मिळतो, म्हणून "बटाटे घेऊन ये" एवढं सांगितलं की काम भागतं. कुठलं वाण, कधी काढलेलं, कुठल्या मातीतलं, हे प्रश्न फळांच्या वाट्याला येतात, बटाट्याच्या नाही. मला मात्र ते पडतात, आणि वर्षातले ते थोडे आठवडे मी मनापासून वाट बघते, जेव्हा नवा बटाटा येतो.

नवा बटाटा म्हणजे पाला अजून हिरवा असतानाच उकरून काढलेला कोवळा कंद. त्याची साल इतकी पातळ असते की ओल्या अंगठ्याने चोळलं तरी पापुद्रे सुटून येतात. जो बटाटा साठवायचा असतो त्याचा पाला वाळू देतात किंवा कापून टाकतात, आणि मग कंद आणखी दोन-तीन आठवडे जमिनीतच राहू देतात. त्या मुदतीत साल जून होते, पक्की होते. कोवळ्या बटाट्याला ही मुदत मिळालेली नसते. म्हणून तो लगेच खरचटतो, सुकतो, लांबचा प्रवास त्याला झेपत नाही. पण त्याच्यात स्टार्च कमी आणि साखर थोडी जास्त असते, आणि चव कच्च्या शेंगदाण्याच्या जवळ जाते. काढल्यापासून ती साखर स्टार्चमध्ये बदलू लागते. मटाराचं आणि मक्याचंही असंच होतं, फक्त त्यांच्या बाबतीत घाई करायची हे आपण शिकलेलो आहोत.

हंगामातले पहिले बटाटे मी सालीसकट, अख्खे, मिठाच्या पाण्यात उकडते. पाणी ओतून टाकल्यावर भांडं पुन्हा मिनिटभर मंद आचेवर ठेवते, म्हणजे अंगावरचं पाणी उडून जातं आणि साल किंचित सुरकुतते. वर लोणी. त्या दिवशी मसाला नाही, फोडणी नाही. बटाट्याला स्वतःची चव असते यावर ज्यांचा विश्वास नाही, त्यांना मी हेच खायला घालते.

आता वाणांबद्दल. याविषयी मी कितीही वेळ बोलू शकते.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या उंच प्रदेशात माणसाने तो काही हजार वर्षांपूर्वी शेतात आणला. तिथे आजही चार हजारांहून अधिक देशी वाणं आहेत: जांभळी, काळपट, लाल ठिपक्यांची, बोटासारखी लांब, गाठीगाठींची, आत पिवळीधमक किंवा निळ्या कड्यांची. एकेक शेतकरी कुटुंब एकाच वावरात कितीतरी वाणं मिसळून लावतं. गारठा पडला तर एक तगतं, पाऊस लांबला तर दुसरं. काही कडू वाणं थेट खाण्यासाठी नसतातच. ती रात्रीच्या हिमात गोठवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात, उन्हात वाळवतात. त्यातून होणारा चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो. पेरूची राजधानी लिमा इथे 1971 साली स्थापन झालेलं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र यातली हजारो वाणं जपून ठेवतं. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. तरीही जतन केंद्रातल्या काचेच्या नळीतलं रोप आणि कुणाच्या तरी जेवणातलं वाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळीतलं वाण जिवंत असतं, पण त्याला खाणारं कुणी नसतं.

मला सगळ्यात मोह पडतो तो पापा क्रिओया या कोलंबियातल्या लहानशा पिवळ्या बटाट्याचा. तो ज्या गटातला आहे त्या गटाच्या कंदांना सुप्तावस्था जवळजवळ नसतेच. इतर बटाटे काढल्यावर काही आठवडे, काही महिने झोपून राहतात. हा काढला की कोंब काढायला लागतो. साठवणं शक्यच नाही, त्यामुळे तो ताजाच खावा लागतो. जगभरच्या व्यापाराने ज्या गुणाला दोष ठरवलं, त्याच गुणामुळे हा बटाटा कधी शिळा खाल्ला जात नाही. मला हे फार सुंदर वाटतं.

बेटांवरचे बटाटेही असेच हट्टी. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर 1880च्या सुमारास ह्यू दे ला हे या शेतकऱ्याने एका भल्यामोठ्या बटाट्याचे डोळ्यांसकट तुकडे करून उतारावर लावले. त्यातून लवकर येणारं, लांबट आणि जरा वाकडं असं वाण हाती लागलं. तेच जर्सी रॉयल. समुद्राकडे उतरणाऱ्या उभ्या शेतांत, समुद्रशेवाळाचं खत घालून ते पिकवण्याची तिथली जुनी रीत. 1996पासून या नावाला युरोपात भौगोलिक संरक्षण आहे. फ्रान्सच्या न्वारमुतिए बेटावर बोनोत नावाचा गोल, नाजूक बटाटा मेच्या सुरुवातीला हातांनी काढतात, आणि बघता बघता त्याचे दिवस संपतातही. कॅनरी बेटांवर काळ्या सालीचा, आत अंड्याच्या बलकासारख्या रंगाचा जुना बटाटा अजून लावतात. दक्षिण अमेरिकेतून निघालेल्या जहाजांबरोबर हे कंद तिथे उतरले आणि तिथलेच झाले.

मग आपल्या टोपलीत सगळे बटाटे एकसारखे का दिसतात? कारण निवड चवीवर झालीच नाही. मोठ्या व्यापाराला हवी असते जाड साल, गोल आकार, उथळ डोळे, यंत्राने काढताना मार न लागणं, शीतगृहात महिनोन्महिने टिकणं. यातली एकही गोष्ट चुकीची नाही. स्वस्त बटाट्याने कोट्यवधी पोटं भरली आहेत आणि ते मी हलकं मानत नाही. पण एकाच वाणावर विसंबण्याची किंमतही माणसाने मोजलेली आहे. बटाट्याचं बेणं म्हणजे कंदच, त्यामुळे एका वाणाचं अख्खं शेत म्हणजे जनुकांच्या दृष्टीने एकच झाड. आयर्लंडमधल्या गरिबांचा सगळा भार लंपर या एका वाणावर होता. 1845मध्ये करपा हा रोग आला आणि पीक जमिनीतच सडलं. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने गेली, आणखी तितकीच देश सोडून गेली. त्यांच्या घरांतलं धान्य आणि जनावरं जमिनीचा खंड भरण्यासाठी, विक्रीसाठी जात राहिली, त्यामुळे दोष एकट्या करप्याचा नव्हता. तरी शेतात दहा वेगळी वाणं असती तर काहीतरी उरलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

भारतातही फुलवा, दार्जिलिंग रेड राउंड अशी जुनी वाणं होती. पुढे शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने इथल्या लहान दिवसांच्या हिवाळ्याला मानवतील अशी वाणं तयार केली. संस्थेच्या वाणांची नावं कुफरीने सुरू होतात, शिमल्याजवळच्या त्या डोंगरी ठिकाणावरून. कुफरी चंद्रमुखी आणि कुफरी ज्योती दोन्ही 1968ची. चंद्रमुखी लवकर तयार होतं, ज्योती डोंगरातल्या करप्याला तोंड द्यायला आलं. कुफरी सिंदुरीची साल लाल, कुफरी नीलकंठची जांभळी. ही नावं बियाण्याच्या पोत्यावर असतात आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचता पोचता गळून पडतात. हे मला खटकतं. पिकवणाऱ्याला जे नाव माहीत असतं ते खाणाऱ्यालाही कळायला हवं.

नाव कळलं नाही तर निदान स्वभाव ओळखता येतो. एक माप मीठ, अकरा मापं पाणी. मीठ विरघळलं की त्यात बटाटा सोडायचा. भुसभुशीत, जास्त स्टार्चचा असेल तो तळाशी जातो. चिकट, ओलसर असेल तो तरंगतो. बुडणारा कुस्करायला, भाजायला, तळायला. तरंगणारा रश्श्यात आणि थंड कोशिंबिरीत, कारण शिजल्यावरही त्याच्या फोडी धारदार राहतात. एकाच ढिगातले काही बुडतात आणि काही तरंगतात, तेव्हा ढीग मिसळलेला आहे हेही कळतं.

साठवणीतल्या जुन्या बटाट्यालाही त्याची जागा आहे. जून सालीचा, नीट ठेवलेला बटाटा तळण्यात कोवळ्यापेक्षा सरस ठरतो. मात्र फार थंडीत, फ्रीजमध्ये, त्यातल्या स्टार्चची साखर होते. बटाटे गोड लागतात आणि तळताना आत शिजायच्या आधी बाहेर काळे पडतात. म्हणून ते अंधारात, हवेशीर जागी ठेवावेत. उजेडात हिरवे झालेले आणि कडवट लागणारे टाकून द्यावेत, कारण तो विषारी अंश उकडल्याने जात नाही. महिनोन्महिने साठवलेल्या बटाट्यातलं क जीवनसत्त्वही बरंच कमी होतं, पण मी नवा बटाटा काही त्यासाठी खात नाही.

मी खाते ते त्याच्या सोबत्यांसाठीही. ज्या आठवड्यात कोवळा बटाटा येतो, त्याच सुमाराला बऱ्याचदा कोवळा मटार असतो, पातीचा कांदा असतो. तिन्ही एकत्र, झाकण ठेवून, स्वतःच्याच पाण्यात शिजवले की वरून घालायला काही शोधावं लागत नाही.

या हंगामात बटाटे घ्याल तेव्हा विकणाऱ्याला वाणाचं नाव विचारा, आणि हे कधी काढले तेही. उत्तर मिळेलच असं नाही. पण पुन्हा पुन्हा विचारलं जाणारं नाव विकणारा पुढच्या वेळी लक्षात ठेवतो, आणि जे नावाने विकलं जातं ते लावायला शेतकऱ्याला कारण मिळतं. एखादं वाण फार आवडलं, तर शेतकऱ्याकडून त्याचं निरोगी बेणं मागून घ्या आणि मोठ्या कुंडीत लावून बघा. पाला वाढेल तशी वरून माती चढवत राहायची. साधारण तीन महिन्यांत, पाला हिरवा असतानाच, कडेने हात घालून चार कंद काढता येतात आणि झाड तसंच पुढे वाढत राहतं.