आमची वाटचाल : खारं पाणी ते जारचं पाणी

दर्यापुरात आमची पाणी-तपासणीची लॅब सुरू झाली ती खारेपणापायी. अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरला पाणी लागलं तरी ते तोंडात धरवत नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), क्लोराइड, नायट्रेट, ठिबकसाठी पाण्याची तपासणी, यावरच सुरुवातीचा धंदा चालला. पुढे गावोगाव आरओचे प्लांट निघाले. लग्न असो की तेरवी, वीस लिटरचा जार आलाच. मग गिऱ्हाईक विचारू लागलं, "भाऊ, पाणी तं गोड हाय, पन जारचं प्लास्टिक पोटात जाते का?"

प्रश्न रास्त होता. मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांवर जातो आणि जार उघड्या ऑटोत उन्हात फिरतात. पॉलिकार्बोनेटच्या (कडक प्लास्टिकच्या) जारातून बिस्फेनॉल-ए हे रसायन पाण्यात उतरू शकतं, पीईटीतून (पाण्याच्या साध्या बाटलीच्या प्लास्टिकमधून) अँटिमनी. उष्णतेनं दोन्ही वाढतं. प्लांटवाला मीटर बुडवून टीडीएस दाखवतो. तो क्षारांचा आकडा, त्याला प्लास्टिकचं काही कळत नाही.

हे मोजणारी यंत्रं आमच्या खिशाला झेपणारी नाहीत. म्हणून नमुना आम्ही घेतो, तपासणी मोठ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते. नुसता मधला माणूस म्हणून हिणवणारे आहेत, हिणवोत. या तपासणीत अर्धी लढाई नमुन्यातच असते. थॅलेट म्हणजे प्लास्टिक मऊ करायला घालतात ते रसायन. त्यातल्या डीईएचपीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ८ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे अब्जात आठ भाग. लोक कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत पाणी घेऊन येतात आणि त्यात प्लास्टिक शोधा म्हणतात! ते आम्ही परत पाठवतो. आमची बाटली तपकिरी काचेची, सॉल्व्हंटनं धुतलेली, झाकणाला आतून टेफ्लॉन. हातात व्हिनाइलचे मोजे नाहीत, त्यांतच थॅलेट असू शकतं. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली जाते. ती नमुन्याच्या जागीच उघडायची, तिथंच बंद करायची आणि बर्फाच्या पेटीतून नमुन्यासोबतच पाठवायची. तिच्यातही थॅलेट निघालं, तर ते जारातलंच असं छातीठोक सांगता येत नाही.

ही तपासणी महाग आहे, आणि दहातल्या बऱ्याच जणांना मी ती करू नका असंच सांगतो. विहिरीचं पाणी पिणाऱ्यानं आधी जिवाणू आणि नायट्रेट बघावं (मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम), यवतमाळकडच्यानं फ्लोराइड. असं नको म्हणून पाठवलेलं गिऱ्हाईकही परत येतं, हा अनुभव.

सध्या प्लास्टिकची कामं येतात ती मुख्यतः प्लांटवाल्यांकडून, नवे जार घेण्याआधी. त्यांना आम्ही जोडीनं नमुने द्यायला सांगतो: एक ताज्या भरलेल्या जारातला, दुसरा दिवसभर उन्हात ठेवलेल्या जारातला. एकटा आकडा फारसं बोलत नाही, दोन्ही शेजारी ठेवले की जार घ्यायचा की नाही ते मालकाला कळतं. नमुना द्यायचा असेल तर आदल्या दिवशी कळवा, बाटली आम्ही देऊ.