फडकं मिळेल का?

नाताळच्या आधीचा शनिवार होता. पाडव्याच्या सकाळी श्रीखंडाच्या दुकानासमोर लागते तशी रांग त्या दिवशी एडिनबरोतल्या आमच्या चीजच्या दुकानाबाहेर होती. मी तिथे एम.एस्सी. करत होते आणि शनिवार-रविवार या दुकानात काउंटरमागे उभी राहायचे.

दुकान उघडायच्या आधी मालकांनी मला पहिल्यांदाच 'आइल ऑफ मल' नावाच्या चीजचं अख्खं चाक उघडायला दिलं. वजन वीस किलोंच्या वर. बाहेरून घट्ट चिकटलेलं कापड, त्यावर करडी-तपकिरी बुरशी, आणि पावसाळ्यात बंद ठेवलेल्या कोठीच्या खोलीसारखा वास. कापड सोलून काढायचं, मग दोन्ही हातांनी तार धरून चाक मधोमध कापायचं. माझी तार तिरकी गेली. मालक काही बोलले नाहीत. जाड बाजूची एक चकती उतरवून त्यांनी चवीच्या ताटलीत ठेवली. मीही एक तुकडा उचलला. रंग फिकट, चव तिखटसर आणि शेवटी किंचित दारूसारखी चढणारी. मल बेटावर टोबरमोरी गावाजवळच्या शेतावर हे चीज होतं. गावातल्या डिस्टिलरीत व्हिस्की काढून झाली की उरलेला जवाचा चोथा त्या गाईंच्या गव्हाणीत येतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या गावाकडच्या म्हशी आठवल्या. ऊसतोड सुरू झाली की त्यांच्यापुढे वाढ्यांचा ढीग पडतो. दूध शेवटी आसपास जे निघतं त्याचंच होतं.

अकराच्या सुमाराला रांगेतून मराठी ऐकू आलं. "आई, सगळं एकच गं, चीज म्हणजे चीज." मुलगा तिशीचा. काकू साठीच्या, साडीवर जाड कोट, पायात लोकरी मोजे. मी "या काकू" म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि पुढच्याच क्षणी प्रश्न आला, "मी शाकाहारी आहे. यातलं मला काय चालेल?"

सहा महिने मी पाट्यांवरची माहिती पोपटासारखी म्हणत होते, पण हे समजावून कुणाला सांगितलं नव्हतं. दूध घट्ट करायला रेनेट लागतं आणि जुन्या रीतीचं रेनेट वासराच्या पोटातून येतं, हे ऐकल्यावर काकू काचेपासून पाऊलभर मागे सरल्या. आता वनस्पतिज किंवा बुरशीपासूनचं रेनेट वापरणारेही पुष्कळ आहेत, हे मी घाईघाईने जोडलं. मग त्यांच्यासाठी रेनेटच न लागणारं 'काबोक' काढलं. निव्वळ साईचं, लोण्यासारखं मऊ, भाजलेल्या ओटच्या कण्यांत घोळवलेलं. त्याची दंतकथा पंधराव्या शतकातली: मॅकडोनल्ड या सरदार घराण्यातली मारिओटा नावाची मुलगी शत्रूच्या भीतीने आयर्लंडला पळाली आणि येताना ही कृती घेऊन आली. शेजारी ठेवलेल्या एअरशर भागातल्या 'डनलप' चीजचीही कथा तीच. बार्बरा गिल्मर नावाची बाई धर्मछळामुळे आयर्लंडला गेली आणि १६८८च्या सुमारास साय न काढलेल्या दुधाचं चीज शिकून परतली, असं सांगतात. स्कॉटलंडमधल्या प्रत्येक चांगल्या चीजमागे आयर्लंडहून परतलेली एक बाई असते की काय, असं मला कधीकधी वाटतं.

काकूंनी काबोक चाखलं. "साय आहे. छान आहे. पण पोळीला लावून खायचं."

मग मी क्राउडीचा डबा उघडला. पांढरी, ओलसर, थोडी रवाळ. ही हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, गरिबाघरची. साय लोण्यासाठी काढून घ्यायची, उरलेलं दूध चुलीच्या उबेला ठेवून आंबवायचं, मंद गरम करायचं आणि फडक्यात टांगायचं. घराघरांतली ही गोष्ट १९६०च्या दशकात टेन गावात सुझाना स्टोन यांनी दुकानांत आणली. काबोकही त्यांनीच पुन्हा सुरू केलं. एवढं सगळं मी सांगेपर्यंत काकूंचा चमचा तोंडात गेला होता.

"अगं, हा तर चक्का! पण पाणी नीट निथळलेलं नाही."

मागे आमचे शनिवारचे आजोबा उभे होते. मूळचे सदरलंडचे, दर आठवड्याला 'ग्रू धू' नेणारे. ग्रू धू म्हणजे क्राउडीत साय मिसळून वर ओट आणि काळी मिरी. त्यांनी विचारलं, बाई काय म्हणाल्या? मी सांगितलं. आजोबा खूश झाले. "बरोबर बोलल्या. माझी आई रात्रभर टांगायची. उशीच्या अभ्र्यात, नळाला."

"नळाला? आमच्याकडे खुंटीला," काकू म्हणाल्या. मग मी मधे उभी राहिले आणि दोघं बोलत राहिले. मागची रांग चुळबुळत होती, मालक मुकाट्याने दुसऱ्या टोकाची गिऱ्हाइकं करत होते. मीठ की साखर, यावर दोघांचं जमलं नाही. खाली उरलेलं पाणी फेकायचं नाही, यावर जमलं. मग आजोबा म्हणाले, केलीला, म्हणजे नाचगाण्याच्या रात्रीला, जाण्याआधी क्राउडी आणि ओटकेक खाऊन निघायचं, मग व्हिस्की कितीही झाली तरी चढत नाही. मी काकूंना सांगितलं, "पोटाला थंड असते म्हणतात." काकूंनी मान डोलावली. मुलगा दुसरीकडे बघून हसत होता. त्याने मघाशीच माझ्या तिरक्या कापलेल्या मलचा तुकडा बांधून घेतला होता.

क्राउडीची किंमत मुलाने रुपयांत सांगितली. काकूंनी मनात हिशेब केला आणि डबा माझ्याकडे परत सरकवला. "एवढ्यात घरी चांगला वाडगाभर चक्का होईल. दूध मिळेल इथे, फडकंच आणलं नाही मी. तुमच्याकडे आहे का गं एखादं मलमलचं?"

दुकानात त्या दिवशी एकच फडकं होतं. सकाळी चाकावरून सोललेलं, बुरशीसकट, कचऱ्याच्या डब्यात.

आजोबांना अडचण सांगितली. ते म्हणाले, "अभ्रा घ्या म्हणावं. पण आधी उकळत्या पाण्यातून काढा, साबणाचा वास राहिला तर सगळं वाया." हे भाषांतर मात्र मी शब्द न् शब्द केलं.