तुतीच्या काड्या: पाला फुटला म्हणून फसलो

आमचं रान घनसावंगीकडं. कापसाला कंटाळून रेशीम करायचं डोक्यात घेतलं, म्हणजे आधी तुती लावायची, तिचा पाला खाऊन अळ्या रेशमाचे कोष करतात. जालन्याला २०१८ पासून ह्या कोषांचा बाजार झालाय, आधी माल कर्नाटकात रामनगरला न्यावा लागायचा. ५-३-२ फुटाच्या जोडओळीला (जोडीतल्या दोन ओळींत तीन फूट, दोन जोड्यांमधी पाच, रोपा-रोपात दोन) एकरी ५,४०० च्या वर रोपं लागतात, एवढी विकत कोण घेणार, म्हणलं घरीच करू.

पहिला डाव एप्रिलात. मित्राच्या तुतीतून व्ही-१ ह्या जातीच्या काड्या तोडल्या अन् भर दुपारी उघड्याच गाडीवर बांधून आणल्या. काळ्या रानात खोचल्या, वरून रोज पाणी. आठ-दहा दिवसात डोळे फुटले, हिरवीगार पानं, मी लगेच फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले! तीन आठवड्यात सगळ्यांनी माना टाकल्या. एक उपटून बघितली तर मुळीचा पत्ता नाही, साल काळी अन् बुळबुळीत. नंतर कळलं की पहिली पानं काडीतल्या साठ्यावरच निघतात, मुळ्या मागून येतात, आणि आपली काळी माती पाणी धरून बसते, मग सडणारच की. त्यात आईनं दाखवलं, चार-पाच काड्या मी उलट्याच लावल्या होत्या, डोळे खाली करून. घरात अजून हसतात.

दुसऱ्यांदा जूनच्या शेवटी लावल्या, पाऊस पडून हवा गार झाल्यावर. सहा-आठ महिन्यांची, पेन्सिलीएवढी, तपकिरी झालेली काडीच घेतली, शेंड्याची कोवळी फेकून दिली. वीतभर तुकडा, ३-४ डोळे, खालचा काप तिरका अन् वरचा सरळ, म्हणजे उलटसुलट व्हायचा प्रश्नच नाही. आणल्या ओल्या बारदानात गुंडाळून. बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवल्या, बुडाला मुळ्या फुटायची आयबीए पावडर लावली अन् माती, वाळू, शेणखत मिसळलेल्या गादीवाफ्यावर तिरप्या रोवल्या, वर एकच डोळा. शेडनेट नव्हतं, बायकोच्या जुन्या साड्या बांधल्या.

सगळ्यात अवघड काय तर उपटून न बघणं. लई हात शिवशिवायचे.

१,८०० पैकी १,४०० च्या आसपास लागल्या, थोड्या उधईनं खाल्ल्या. ऑक्टोबरात रानात लावल्या, दहा गुंठे बरोबर भरले. उरलेली रोपं विहिरीजवळ लावलीत. पाल्याची तुती सारखी छाटावी लागते, पण ह्यांना कात्री लावायची नाही असं पोरांनी बजावलंय, त्यांना फळं खायचीत.